रेडिएटर बाजूला की मागे? नागपुरातल्या फॉर्म्युला स्टुडंट टीमसाठी

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी छोटी रेसगाडी बांधून चालवायची स्पर्धा. रेडिएटर कुठे बसवायचा हा निर्णय चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, काम सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो, कारण नंतर पाइप फिरवायला जागा उरत नाही. पेट्रोल गाडी, केटीएम ३९० चं एक सिलिंडरचं इंजिन आणि एकच रेडिएटर असं धरून लिहितो. चार सिलिंडरचं ६०० सीसी इंजिन असेल तर उष्णता आणखी जास्त, पण युक्तिवाद तोच.

फॉर्म्युला वनमध्ये १९७० च्या लोटस ७२ ने रेडिएटर नाकातून काढून बाजूला नेले, आणि ती पद्धत आजही टिकून आहे. बाजूची जागा म्हणजे किती, यावर मात्र भांडण आहे. २०२२ मध्ये मर्सिडीजने साइडपॉड, म्हणजे रेडिएटर झाकणारे बाजूचे फुगवटे, जवळजवळ नाहीसे केले, तर रेड बुलने ते रुंद ठेवून खालून खोल कोरले. २०२३ च्या मोनॅकोपासून मर्सिडीजनेही आपला प्रयोग गुंडाळला. पण त्यांची नक्कल करण्याआधी वेग बघा. ती गाडी ताशी तीनशेच्या वर पळते आणि तिच्यात पंखाच नसतो, शर्यतीआधी ग्रिडवर उभी असताना साइडपॉडच्या तोंडाला बाहेरून ब्लोअर लावतात. तुमच्या एन्ड्युरन्सची, म्हणजे स्पर्धेतल्या लांब पल्ल्याच्या फेरीची, सरासरी ताशी पन्नासेक किलोमीटर. इथे पंखा लागतोच.

मागचा पर्याय मोहात पाडतो. पाइप आखूड, बाजू मोकळ्या, ट्रॅकवरच्या प्लास्टिकच्या कोनला घासून कोअर, म्हणजे रेडिएटरची नळ्यांची जाळी, फुटायची भीती नाही. पण समोर ड्रायव्हर आणि त्याला इंजिनपासून वेगळी करणारी भिंत, म्हणजे फायरवॉल, शेजारी एक्झॉस्ट. रेडिएटरपर्यंत जी हवा पोहोचते ती मंद आणि आधीच तापलेली. म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर आणि बॅटरीवर. शिवाय रेडिएटर वर बसवला तर गुरुत्वमध्यही वर जातो.

बाजूला हवा ताजी मिळते, पण पुढच्या चाकाच्या मागची गढूळ हवा टाळावी लागते. तोंड लहान, आत हळूहळू रुंद होत जाणारी डक्ट, आणि कोअरच्या कडेने फोम. फट राहिली की हवा कोअर सोडून तिथूनच पळते. बाहेर पडायची वाट तर सगळेच विसरतात. खिडकीतल्या कूलरसमोरचं दार बंद ठेवलं की खोलीत नुसता दमटपणा साचतो, तसंच इथे. गरम हवा जिथून निघते तिथे दाब कमी असायला पाहिजे.

आता नागपूरचा हिशोब. कूलंट म्हणून साधं पाणीच वापरायचं, ग्लायकॉल किंवा कसलंही अॅडिटिव्ह चालत नाही, असा नियम आहे. पाणी ९५ अंशांवर धरलं तर कोइम्बतूरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत, हवा ३० ची असताना, ६५ अंशांचा फरक मिळतो. नवतप्यात ४५ च्या हवेत तो उरतो ५०. तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि उष्णता बाहेर टाकायची क्षमता जवळपास पाव भाग कमी.

म्हणून मी बाजूचाच पर्याय घेईन, आणि कोअर ४५ अंशांच्या हिशोबाने. थोडं वजन वाढेल, वाढू द्या. गाडी तापून राहिली म्हणून एप्रिल-मे मधली टेस्टिंग हातची जाणं त्याहून महाग पडतं. स्पर्धेत पाणी फार थंड राहिलं तर कोअरच्या काही भागावर टेप लावा. फॉर्म्युला वनवालेही सर्किटच्या उन्हाप्रमाणे कव्हरची छिद्रं कमी-जास्त करतातच.

दोन्ही बाजूंना दोन रेडिएटर? दिसायला छान, पण जोड दुप्पट आणि गळतीच्या जागाही. एकच घ्या. दुसऱ्या बाजूला वजनासाठी बॅटरी ठेवता येते.

एक गोष्ट मात्र दोन्ही पर्यायांत सारखीच नडते. एन्ड्युरन्समध्ये ११ किलोमीटरनंतर ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद, म्हणून इंजिनवर चालणारा पंपही बंद. पंखा फिरत राहिला तरी थंड होतं फक्त रेडिएटरमधलं पाणी, इंजिनच्या सिलिंडर हेडमधलं तापतच राहतं. तिथे इलेक्ट्रिक पंप कामाला येतो. तो घेणार असाल तर बॅटरीचा हिशोब आजच मांडा आणि मेच्या दुपारी गाडी तापवून, तीन मिनिटं बंद ठेवून, पुन्हा स्टार्ट होते का ते बघा.