आठ महिन्यांनंतर: पातळ स्कॅनर, सराफ बाजारातलं भिंग आणि आजोबांचा वर्दीतला फोटो

आत्याच्या सिन्नरच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत फोटोंचा एक पुडा होता. त्यात आजोबांचा वर्दीतला एकच फोटो. आजोबा खुर्चीवर, शेजारी दुसरा एक जवान, आणि आजोबांचा हात त्याच्या खांद्यावर. मागे काही लिहिलेलं नाही. घरात इतकंच माहीत होतं की दादा, म्हणजे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात लढाईला बर्माला गेले होते. या एका फोटोसाठी मी फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. आठ महिन्यांत त्यावर आमचे आणि नातेवाइकांचे मिळून दीडशेच्या वर फोटो झाले, त्यामुळे आता खात्रीने लिहितो.

स्कॅनर पातळ, यूएसबीवरच चालणारा, सीआयएस प्रकारचा (सेन्सर काचेला अगदी लागून असलेला) आहे. सपाट फोटोसाठी उत्तम. मात्र सीआयएसचा फोकस काचेला लागून असलेल्या वस्तूपुरताच असतो. पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि वर्षानुवर्षं वाकलेला फोटो ठेवला की मधला भाग धुरकट येतो, आणि आपल्याला हवा असलेला खांद्यावरचा बिल्ला नेमका तिथेच असतो. जुने फोटो बहुतेक पुठ्ठ्यावरचे असतील तर थोडे जास्त पैसे घालून सीसीडीचा (आत आरसे-भिंग असलेला, काचेपासून थोडं वर असलेलंही स्पष्ट टिपणारा) घ्या. दुकानात मला हे कोणी सांगितलं नाही. खोक्यावर डीपीआयचे (इंचामागे किती ठिपके टिपतो त्याचे) मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यांवर जाऊ नका. माझं सगळं काम १२०० डीपीआयवर होतं. त्यापुढे फाइल फुगते आणि फोटोचे दाणे तेवढे मोठे दिसतात. साडेतीन बाय साडेपाच इंची फोटो रंगीत टिफमध्ये ८० एमबीच्या घरात जातो, हार्ड डिस्कची सोय आधी करा.

सोबत सराफ बाजारातून दहापट भिंग आणलं, सोनार वापरतात तेच. ते डोळ्याला टेकवायचं आणि फोटो हळूहळू भिंगाकडे आणायचा. हात लांब धरून बघितलं तर काही दिसत नाही. जुन्या फोटोच्या काळ्या भागावर आरशासारखी चांदी चढलेली असते. तिथे स्कॅनर निळसर चकाकी देतो, पण मोबाइलची बॅटरी एका बाजूने तिरकी धरून भिंगातून पाहिलं की अक्षरं उठून दिसतात. स्कॅनरइतकंच काम या भिंगाने केलं.

आता आजोबांचा फोटो. बाहीवर तीन पट्ट्या, म्हणजे हवालदार. (एक पट्टी लान्सनायक, दोन नाईक. खांद्यावर एक तारा असेल तर जमादार, दोन असतील तर सुभेदार. जमादार हा हुद्दा १९६५ साली नायब सुभेदार झाला, म्हणून जुन्या कागदांतला ‘जमादार’ वाचून गोंधळू नका.) डाव्या खिशाच्या वर पदकांच्या दोन फिती. त्यांतली एक स्कॅनमध्ये स्वच्छ दिसली: गडद, पांढरा, मधला करडा, पांढरा, पुन्हा गडद. बर्माच्या आघाडीवर असलेल्यांना मिळालेल्या ‘बर्मा स्टार’ पदकाच्या फितीत पांढरा रंगच नाही. तिथे निळ्या पट्टीत मधोमध लाल आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ असते. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल ही फीत इटलीच्या आघाडीवरच्या ‘इटली स्टार’ पदकाची. हा स्टार १९४५ साली जाहीर झाला, म्हणजे फोटो त्याआधीचा असू शकत नाही. मी तो स्क्रीन कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

इथे एक कळकळीची विनंती. कृष्णधवल फोटोला रंग देणारी ॲप या कामासाठी वापरू नका. एका ॲपने आजोबांची सगळी फीत हिरवी करून टाकली. शिवाय जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न टिपणाऱ्या) फिल्मवर लाल रंग काळा उतरतो आणि निळा फिकट. करड्या छटांवरून रंग ठरवायला गेलं तर चूक होते. पट्टे किती, केवढे रुंद, कोणत्या क्रमाने, एवढंच मोजायचं.

खांद्यावरच्या पितळी अक्षरांत आजोबांचं एम, ए, एच, आर एवढं वाचता आलं, पुढचं सावलीत गेलं. त्या काळी पलटणीचं नाव इंग्रजीत ‘Mahratta’ असं ‘एच’ घालून लिहीत, आणि पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत होतीच. तिथेच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. शेजारच्या जवानाची अक्षरं मी आधी तीच धरून चाललो होतो. भिंगाखाली पाहिलं तर एम, ए, एच आणि चौथं पुन्हा ए. पाचवं अक्षर आजोबांच्या बोटांखाली झाकलेलं. तो महार रेजिमेंटचा होता, १९४१च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला उभारलेल्या. दोन वेगळ्या पलटणींचे दोघे एका स्टुडिओत आले होते, खास फोटो काढायला.

बाकीच्या फोटोंत मुकुट की सिंह हे आधी बघतो. बिल्ल्यावर मुकुट असेल तर फोटो बहुधा २६ जानेवारी १९५०च्या आधीचा, कारण त्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. नाशिककरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: इथे खाकीतला प्रत्येक जण फौजी नसतो. मामांचा ‘मिलिटरीतला’ फोटो १९३७ साली सुरू झालेल्या भोंसला मिलिटरी स्कूलच्या विद्यार्थ्याचा निघाला. पोलिस प्रशिक्षणातलेही बरेच फोटो असेच घरोघरी फौजी म्हणून लावलेले आहेत.

मोठी प्रिंट घेऊन आत्याकडे गेलो. म्हटलं, ‘आत्या, दादा बर्माला नव्हते गं, इटलीला होते.’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘भाकरी वाढली की दादा म्हणायचे, पाने आली. आम्हाला वाटायचं पत्रावळीचं काही बोलतायत.’ इटालियनमध्ये ‘पाने’ म्हणजे पाव. तिने प्रिंट माझ्याकडून घेतली आणि त्या दुसऱ्या जवानाच्या चेहऱ्यावरून पदर फिरवला.

त्याचं नाव अजून लागलेलं नाही. आत्याकडे भिंतीवर आणखी एक ग्रुप फोटो आहे, तोही वर्दीतला. तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. सोलायला गेलं तर चेहरे काचेवरच राहतील, म्हणून काचेसकट स्कॅन करावा लागणार आणि त्याला हा स्कॅनर चालत नाही. सीसीडीचा बघून ठेवलाय, पुढच्या महिन्यात घेतो.