मेडिकल स्कूलची वेटलिस्ट: थांबायचं, परत अप्लाय करायचं, की हातातलं घ्यायचं?

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलाला दोन मेडिकल स्कूलची वेटलिस्ट आलीये आणि घरात सगळे नुसते पोर्टल उघडून बघत बसलेत. मला एकदम आमचंच घर आठवलं. माझी मुलगी पहिल्या सायकलला (प्रवेशाच्या एका वर्षाच्या फेरीला सायकल म्हणतात) तीन इंटरव्ह्यू देऊन दोन वेटलिस्टवर अडकली होती आणि आम्ही काय केलं, तर काहीच नाही, फक्त वाट बघितली. मे गेला, जून गेला, जुलैच्या शेवटी दोन्हीकडून वर्ग भरल्याचा मेल आला आणि तोवर पुढच्या सायकलचे पहिले दोन महिने, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे दोन महिने, हातातून गेलेले. तेव्हा कोणी हा पर्याय आणि तो पर्याय शेजारी ठेवून दाखवला असता तर मुलीचं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून हे लिहितेय. सगळं अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलबद्दल आहे, भारतातल्या राऊंडचा हिशोब पूर्ण वेगळा.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, वेटलिस्ट म्हणजे नापास नाही. एमडी (इथे डॉक्टरची मूळ पदवीच एमडी) कॉलेजांना दर वर्षी साधारण ५२ हजार मुलं अप्लाय करतात आणि २३ हजारांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो, त्यात इंटरव्ह्यूला बोलावणंच कितीतरी जणांना येत नाही. म्हणजे कागदावर तुमचं मूल चांगलंच आहे. पण वेटलिस्ट म्हणजे ॲडमिशनही नाही. काही कॉलेजं नंबर लावतात, काही दोन-तीन गट करतात, आणि बरीचशी नंबर लावतच नाहीत, एखादी जागा सुटली की कमिटी वर्गात कुठल्या प्रकारची मुलं कमी आहेत ते बघून नाव काढते. त्यामुळे "आपला कितवा नंबर" या प्रश्नाला कित्येकदा उत्तरच नसतं आणि ते विचारत बसून कॉलेजला वैताग देऊ नका.

एका हातात ऑफर, दुसरीकडे आवडत्या कॉलेजची वेटलिस्ट

ही त्यातल्या त्यात सुखाची परिस्थिती, तरी गोंधळ इथेच जास्त होतो. एएएमसीच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) सिस्टीममध्ये दोन वेगळी बटणं आहेत, प्लॅन टू एन्रोल आणि कमिट टू एन्रोल. प्लॅन म्हणजे सध्या मी या कॉलेजला जायचं ठरवलंय पण बाकीच्या वेटलिस्टवर माझं नाव राहू द्या. कमिट म्हणजे झालं, बाकी सगळीकडून मी नाव काढतोय. ३० एप्रिलपर्यंत जास्तीच्या ऑफर सोडून एकच हातात ठेवायची असते आणि म्हणूनच वेटलिस्टची खरी हालचाल एप्रिलच्या शेवटी-मे महिन्यात सुरू होते, कारण ज्यांच्याकडे चार-चार ऑफर असतात ती मुलं तेव्हा तीन सोडतात. कमिट कधीपर्यंत करायचं ती तारीख प्रत्येक कॉलेजची वेगळी असते, ती शोधून कॅलेंडरवर टाका, घाईघाईत आधीच कमिट केलंत तर आवडत्या वेटलिस्टचं दार तुम्हीच लावून घेतलंत.

आता जो प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो तो, हातातली ऑफर सोडून पुढच्या वर्षी "चांगल्या" कॉलेजसाठी परत ट्राय करावं का? माझं उत्तर नाही, आणि इतक्या ठामपणे मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत बोलणार नाही. पुढच्या सायकलला कितीतरी कॉलेजं सेकंडरीत, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या दुसऱ्या फॉर्ममध्ये, विचारतात की याआधी कुठे ॲडमिशन मिळाली होती का, आणि मिळून सोडली असं कळलं की डॉक्टर व्हायचंय का नाव मिरवायचंय असा प्रश्न समोरच्याला पडतोच. शिवाय पुढच्या वर्षी इंटरव्ह्यू तरी येईल याची खात्री कोण देणार?

माझ्या भाच्याकडे डीओ (ऑस्टिओपॅथिक, डॉक्टरचीच दुसरी पदवी) कॉलेजची ऑफर होती आणि राज्याच्या एमडी कॉलेजची वेटलिस्ट. त्याने डीओचं डिपॉझिट भरलं, अपार्टमेंट बघून ठेवलं, आणि जूनमध्ये एमडीचा फोन आला तेव्हा तिकडे गेला. डिपॉझिट बुडालं. एमडी कॉलेजांचं डिपॉझिट बहुतेक ठिकाणी थोडंसं असतं आणि ३० एप्रिलच्या आत नाव काढलं तर परत मिळतं, डीओकडे मात्र हजार-दोन हजार डॉलर जातात आणि परत येत नाहीत. तरीसुद्धा भरा. ते पैसे एका पूर्ण वर्षाच्या बदल्यात आहेत असं समजा.

हातात काहीच नाही, फक्त वेटलिस्ट

आम्ही चुकलो ते इथे. अडचण अशी की दोन कॅलेंडरं एकमेकांवर चढतात. पुढच्या सायकलचा ॲमकासचा (एमडी कॉलेजांना अप्लाय करायच्या सामाईक सिस्टीमचा) फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो, आणि वेटलिस्ट मात्र मेपासून पार ओरिएंटेशनच्या दिवसापर्यंत, म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत हलत राहते. त्यामुळे "आधी वेटलिस्टचं काय ते कळू दे, मग फॉर्म भरू" असं म्हणणारा माणूस ऑगस्टमध्ये फॉर्म भरतो. गर्दीच्या दिवसात फॉर्म व्हेरिफाय व्हायलाच महिना-दीड महिना जातो, मग सेकंडरी, म्हणजे तुमचं पोर कॉलेजच्या समोर येतं तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला आणि इंटरव्ह्यूच्या निम्म्या तारखा वाटून झालेल्या, कारण बहुतेक कॉलेजं जसजसे फॉर्म येतील तसतसे वाचून बोलावतात.

नुसतं थांबण्याचा फायदा एकच, खर्च नाही आणि मुलाला परत निबंध लिहायचा त्रास नाही. जूनमध्येच परत अप्लाय करायचं तर पैसे आणि मेहनत लागते, पण वेटलिस्ट हलली नाही तरी तुम्ही वेळेवर असता. यात एक मधला रस्ता आहे जो आम्हाला खूप उशिरा कळला. ॲमकास फक्त एकाच कॉलेजला सबमिट करायचं. तेवढ्याची फी साधारण १७५ डॉलर, आणि फॉर्म व्हेरिफाय व्हायला रांगेत लागतो. बाकीची कॉलेजं नंतर ॲड करता येतात, प्रत्येकी पन्नासच्या आत डॉलर पडतात आणि परत व्हेरिफिकेशनची रांग नाही. जून संपेपर्यंत वेटलिस्ट हलली तर फक्त तेवढी एक फी गेली. नाही हलली तर त्याच दिवशी पंधरा-वीस कॉलेजं टाकायची. मला विचाराल तर वेटलिस्टवरच्या प्रत्येक घराने निदान एवढं तरी करावंच.

तिसरा पर्याय, एक सायकल पूर्ण सोडून पुढच्या वर्षी अप्लाय करणं. हा ऐकायला पराभवासारखा वाटतो पण काही मुलांसाठी हाच बरोबर असतो, विशेषतः फॉर्ममध्ये बदलण्यासारखं बरंच काही आहे आणि ते दोन महिन्यात होणार नाही तेव्हा. तोच फॉर्म, तोच निबंध, तेच अनुभव घेऊन जूनमध्ये परत गेलात तर ज्या कॉलेजांनी मागच्या वर्षी वाचलंय त्यांना फरक दिसत नाही.

नक्की काय बदलायचं

यावर थोडं थांबते, कारण लोक इथे पैसे वाया घालवतात. वेटलिस्ट आली की पहिला सल्ला येतो एसएमपी कर, म्हणजे स्पेशल मास्टर्स प्रोग्राम, एका वर्षात मेडिकल स्कूलसारखेच विषय. पण इंटरव्ह्यूला बोलावलं म्हणजे मार्क बहुतेक वेळा पुरेसे होते! तीन-चार इंटरव्ह्यू देऊन सगळीकडे वेटलिस्ट असेल तर गडबड इंटरव्ह्यूत आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे अनोळखी माणसांसमोर मॉक इंटरव्ह्यू, तेही रेकॉर्ड करून. आमच्या मुलीचं नेमकं हेच होतं, प्रत्येक उत्तर पाठ केल्यासारखं यायचं, आणि आम्हा आईबापांना ते छान वाटायचं. एकच इंटरव्ह्यू आला आणि तिथे वेटलिस्ट, तर मग कॉलेजांची यादी, फॉर्मची तारीख आणि निबंध तपासा.

जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, खरंच कमी असेल तर एसएमपी आणि पोस्ट-बॅक (पदवीनंतर घेतलेले जादाचे कोर्स) यात फरक समजून घ्या. एसएमपीचे मार्क ॲमकासमध्ये ग्रॅज्युएट म्हणून वेगळे दिसतात, अंडरग्रॅडचा (बॅचलर्सचा) जीपीए त्याने हलत नाही. पोस्ट-बॅकमध्ये अंडरग्रॅड लेव्हलचे कोर्स घेतले तर ते अंडरग्रॅड जीपीएत मिसळतात. एसएमपी महाग, आणि तिथे बी-सी पडले तर झालेलं नुकसान भरून काढणं फार अवघड. त्यात १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी लोन मिळणार नाही, साध्या मास्टर्ससाठी सरकारी लोन वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच, मेडिकल स्कूलसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. त्यामुळे मास्टर्सवर पैसे घालण्याआधी पुढच्या चार वर्षांचं काय ते कागदावर मांडा.

त्यापेक्षा वर्षभर नोकरी, स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी लिहिणारा) म्हणून, मेडिकल असिस्टंट म्हणून, रिसर्च लॅबमध्ये. पगार थोडा, पण येतो. मुलीने दुसऱ्या सायकलआधी क्लिनिकमध्ये काम केलं आणि इंटरव्ह्यूत तिच्याकडे सांगायला खरे पेशंट होते, पाठ केलेली वाक्यं नव्हती.

एमकॅट (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) परत द्यायचा का? आधीचा स्कोअर त्या कॉलेजच्या नेहमीच्या मुलांपेक्षा बराच कमी असेल आणि प्रॅक्टिस टेस्टमध्ये सातत्याने वर येत असेल तरच. आयुष्यात सातच वेळा देता येतो आणि सगळे स्कोअर दिसतात, कमी आला तर लपत नाही.

लेटर ऑफ इंटेंट की नुसतं अपडेट

लेटर ऑफ इंटेंट म्हणजे तुम्ही घेतलं तर मी नक्की येणार. हे एकाच कॉलेजला लिहायचं, दोघांना लिहिणं सरळसरळ खोटं आहे. अपडेट लेटर कितीही ठिकाणी चालतं, पण त्यात काहीतरी नवीन पाहिजे, नवीन नोकरी, पेपर, सेमिस्टरचे मार्क. एक पान पुरे. आणि आधी पोर्टल नीट वाचा, काही कॉलेजं स्पष्ट लिहितात की काहीही पाठवू नका. तिथे पाठवलंत तर सूचना वाचत नाही एवढंच कळतं. आईबापांनी फोन करायचा तर अजिबातच नाही, कितीही जीव तुटला तरी.

डीओ, कॅरिबियन आणि "इकडे पाठव"

आपल्या लोकांत अजून डीओला कमी लेखतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. डीओ पूर्ण लायसन असलेले डॉक्टर असतात, २०२० पासून एमडी-डीओच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) मान्यताही एकत्र झालीये. २०२४ च्या मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागावाटपात) एमडीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्के आणि डीओच्या ९२.३ टक्के मुलांना जागा मिळाली. काही अगदी चुरशीच्या स्पेशालिटीत डीओला जास्त झगडावं लागतं, बरेच जण कॉमलेक्सबरोबर (डीओंची लायसन परीक्षा) यूएसएमएलईसुद्धा (एमडींची) देतात, म्हणजे परीक्षा दुप्पट, हे खरं. पण एमडीच्या वेटलिस्टवर असताना पुढच्या यादीत डीओ न टाकणं मला पटत नाही.

कॅरिबियनचं वेगळं. त्याच मॅचमध्ये बाहेरच्या देशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांचा आकडा ६७ टक्के होता, आणि तो फक्त शेवटपर्यंत टिकून मॅचला बसलेल्यांचा. जे मधेच गळाले ते त्यात मोजलेलेच नाहीत. अमेरिकन वेटलिस्टपर्यंत पोचलेल्या मुलाने तिकडे घाईने जाऊ नये, आधी निदान एक सायकल नीट द्यावी.

आणि भारतातून मामा-काका सांगतात एनआरआय कोट्यातून इकडे घे. त्यासाठीही 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात, आणि परत इथे यायचं तर बाहेर शिकलेल्यांच्या रांगेतूनच. ज्याला भारतातच राहून प्रॅक्टिस करायचीये त्याच्यासाठी ठीक आहे, वेटलिस्टवरचा उपाय म्हणून नाही.

एक बारीक गोष्ट. जुलैमध्ये वेटलिस्टचा फोन आला तर उत्तराला कधी कधी एक-दोन दिवसच देतात. मेलचा स्पॅम फोल्डर रोज बघा, लसींची कागदपत्रं आणि टायटर रिपोर्ट (रक्तातल्या अँटिबॉडीचा) काढून ठेवा, ट्रान्सक्रिप्ट तयार ठेवा, आणि त्या उन्हाळ्यात वर्षाचं लीज किंवा लांबचा प्रवास नको.

मैत्रिणीचा काल मेसेज आला. मुलाने एका कॉलेजला लेटर ऑफ इंटेंट पाठवलं, दुसऱ्याला अपडेट, आणि ॲमकासचा फॉर्म भरायला घेतलाय, फक्त निबंधाचा पहिला परिच्छेद जमत नाहीये. म्हटलं रविवारी त्याला इकडे पाठव, माझी लेक बसेल त्याच्याबरोबर.