पाच वर्षं रोज डोक्यावर: एका फुल-फेस हेल्मेटचा रिव्ह्यू

हेल्मेटचे रिव्ह्यू बहुतेक जण खोकं उघडल्या उघडल्या लिहून मोकळे होतात. रंग झकास, वजन हलकं, काच टकाटक, पाच तारे. तेच हेल्मेट जुनं झाल्यावर कसं वागतं हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप. माझं हेल्मेट मधल्या फळीतलं आहे: पॉलिकार्बोनेटचं (एक कडक प्लॅस्टिक) कवच, डबल डी-रिंगचा, म्हणजे दोन कड्यांतून ओवून आवळायचा पट्टा, सुटं होणारं अस्तर, काचेला आतून पिनलॉक, म्हणजे धुकं धरू न देणारी पट्टी. रोजच्या वापरात आहे आणि पाचवं वर्ष सरत आलंय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि तिच्यासाठी एकाच कंपनीला झोडपण्यात अर्थ नाही.

मी अल्टरेशनचं काम करते. चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं, बॅगांचे उसवलेले पट्टे शिवणं. त्यामुळे हेल्मेट हातात आलं की माझी नजर आधी कापडावर आणि शिवणीवर जाते, ग्राफिक्सवर नाही.

अस्तर ही या हेल्मेटची सगळ्यात जमून आलेली गोष्ट. टाळूचा भाग पुढे कपाळापाशी प्लॅस्टिकच्या पट्टीने खोबणीत खोचलेला, मागे दोन टिचबटणं. गालांचे पॅड प्रत्येकी तीन टिचबटणांवर. वरून घाम ओढून घेणारं विणीचं कापड आणि त्याला मागून चिकटवलेला पातळ फोम. टिचबटण काढताना कापड धरून ओढू नका. बटणाच्या बुडाशी बोट सारून उचला, नाहीतर बटण जागेवर राहतं आणि कापडाला भोक पडतं. माझी बटणं अजून टिच्च बसतात. दमलीय ती एकच जागा: डाव्या कानाच्या वर, जिथून चष्म्याची काडी आत शिरते, तिथे कापडावर गोळे आलेत आणि कडेच्या शिवणीतला दोरा झिजून केसासारखा झालाय. तो मी उसवून नव्याने मारून घेतला. अस्तराची शिवण घरी मारली तर चालते. पट्ट्याची नाही, त्याबद्दल पुढे.

अस्तर धुवायचं कधी? वास येण्याची वाट बघू नका, स्वतःच्या घामाचा वास आपल्या नाकाला सवयीचा झालेला असतो. त्यापेक्षा कपाळाच्या पट्टीवरून बोट फिरवा. कापड कडक, किंचित चरचरीत लागलं की समजा, घामातलं मीठ वाळून बसलंय. उकाड्याच्या दिवसांत माझं अस्तर दोन-तीन आठवड्यांनी निघतं, थंडीत महिना-दीड महिना जातो. केसांना तेल लावून वर थेट हेल्मेट चढवणाऱ्यांनी याच्या आधीच काढावं.

धुण्याची रीत साधीच आहे. बादलीत कोमट पाणी, त्यात लहान मुलांचा शॅम्पू, अस्तर अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि मग तळहाताने दाबत राहायचं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं, बघवत नाही. पाणी नितळ येईपर्यंत बदलायचं. पिळायचं मात्र अजिबात नाही. कापड आणि फोम यांच्यामधला चिकटवलेला थर पिळण्याने सुटतो, मग कापडाला फुगे येतात आणि ते फुगे नेमके कपाळावर टोचतात. कडक गरम पाण्याने आणि मशीनच्या जोरदार पिळण्यानेही तेच होतं. मी अस्तर जाड टॉवेलात गुंडाळून वरून दाबते, अर्धं पाणी टॉवेल पितो. मग सावलीत, पंख्याखाली. गालाचे पॅड जाड असल्याने वाळायला वेळ घेतात. वरून कोरडे लागतात आणि आतून ओले असतात, म्हणून घाईने बसवू नका, कुबट वास त्यानेच येतो. कपड्यांना मऊ करणारं ते सुगंधी कंडिशनर यात घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसला की कापड घाम ओढेनासं होतं. हे व्यायामाच्या कपड्यांनाही लागू आहे, पण माझं कुणी ऐकत नाही.

हेल्मेट साफ करण्याचे फेसाचे स्प्रे मिळतात, त्यातला एक मी या काळात वापरून संपवला. मत विचाराल तर ज्यांचं अस्तर निघत नाही त्यांनी घ्यावा. फेस मारायचा, मऊ ब्रशने हलकं घासायचं, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं, वाळू द्यायचं. वरवरचा मळ निघतो. सुटं होणारं अस्तर असेल तर त्याची गरज नाही, शॅम्पूने होतं ते त्याने होत नाही. माझ्या स्प्रेला लिंबाचा वास होता. पहिले दोन दिवस घाम आणि लिंबू असा मिश्र वास, तिसऱ्या दिवशी नुसता घाम.

कवचाला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स. इथे लोक भलते प्रयोग करतात. माझ्या भावाने जुन्या स्टिकरचा चिकटा पेट्रोलने पुसला आणि हेल्मेट कसं चमकतंय ते मला कौतुकाने दाखवलं. पॉलिकार्बोनेट पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असल्या गोष्टी सहन करत नाही. कवच वरून जसंच्या तसं दिसतं, आत बारीक तडे जातात आणि धक्का बसला की ते तिथूनच फाटतं. आणि कवचाच्या आतला जो पांढरा किंवा काळा कडक फोम असतो, तो म्हणजे पॅकिंगच्या थर्माकोलचाच भाऊबंद, फक्त जास्त घट्ट. त्यावर पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो. भावाला मी ते हेल्मेट बदलायला लावलं. तो अजून म्हणतो की मी उगाच खर्चात पाडलं.

हवेच्या भोकांसाठी जुना टूथब्रश पुरतो.

काचेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती हेल्मेटच्या आधी म्हातारी होते. आपण काच म्हणतो, पण असतं तेही पॉलिकार्बोनेटच, वर ओरखडे रोखणारा पातळ लेप. वाळलेले किडे नखाने किंवा कोरड्या फडक्याने काढायला गेलात की धूळ त्या लेपावर घासली जाते. ओलं फडकं काचेवर पाचेक मिनिटं नुसतं ठेवून द्या, किडे मऊ होऊन अलगद निघतात. घरच्या काचा पुसायच्या निळ्या स्प्रेत बहुतेक वेळा अमोनिया असतो, तो या लेपाला मारक. पिनलॉकची आतली पट्टी त्याहून नाजूक. तिचा पृष्ठभाग ओलावा शोषून घेतो म्हणून तर धुकं धरत नाही, आणि ओली असताना तो मऊ पडलेला असतो. त्यामुळे ओल्यात ती पुसायची नाही, कोमट साबणपाण्यातून हलकेच काढून आपोआप वाळू द्यायची. माझी पिनलॉक अजून चांगली आहे. काच मात्र मध्ये एकदा बदलावी लागली. दिवसा काही कळत नव्हतं, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटून चहूकडे रेषा दिसायला लागल्या. असं झालं की पॉलिश वगैरेच्या नादी लागू नका, नवी काच बसवा. गडद काचेने रात्री गाडी चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना समोरचं दिसत नसतं तसं पटतही नाही.

आता बदलायचं कधी, हा खरा प्रश्न. वास, मळ, फिका पडलेला रंग यांचा हेल्मेट बदलण्याशी काही संबंध नाही. घाणेरडं हेल्मेट ठणठणीत असू शकतं आणि चकचकीत हेल्मेट निकामी. धक्का बसतो तेव्हा आतला कडक फोम चिरडला जातो आणि त्या चिरडण्यात धक्क्याचा जोर खर्ची पडतो. एकदा चिरडला की तो फुगून पूर्ववत होत नाही, आणि तो असतो अस्तराच्या मागे, त्यामुळे दिसतही नाही. डोकं आत असताना आपटलं असेल, तर बाहेर ओरखडाही नसला तरी ते हेल्मेट गेलं. हातातून रिकामं खाली पडलं तर इतकं घाबरायचं कारण नाही, कारण फोमला आतून दाबायला डोकं नव्हतं. माझं सीटवरून घरंगळून पडलेलं आहे. मी अस्तर काढून उजेडात फोमवरून अंगठा फिरवला. कुठे खळगा नाही, चीर नाही, कवचापासून सुटलेला नाही. वापरत राहिले. तरी आरशावर हेल्मेट अडकवायची सवय सोडा. आरशाची दांडी फोममध्ये रोज थोडी थोडी रुतत जाते आणि काही महिन्यांत खड्डा पडतो.

पाच वर्षांनी बदला, असं सगळेच सांगतात. हा सल्ला हेल्मेटची चाचणी घेणारं अमेरिकेतलं स्नेल फाउंडेशनही देतं. 1956 साली पीट स्नेल हा रेसर शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, त्याने वाचवलं नाही. त्याच्या नावाने पुढच्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. पाच वर्षांची कारणं म्हणून ते गोंद, रेझिन, केसांचं तेल, घाम, सौंदर्यप्रसाधनं आणि रोजची झीज सांगतात. पाच वर्षं पूर्ण झाली त्या रात्री फोम मरतो असं कुणी म्हणत नाही. सायकलच्या जुन्या हेल्मेटांवरच्या चाचण्यांत तर नुसत्या वयाने फोम फारसा बिघडलेला आढळला नव्हता. माझा अनुभवही तोच. फोम शाबूत असतो, कापड, मऊ पॅड आणि पट्टा आधी हार मानतात. त्यामुळे रोज वापरणाऱ्याला पाच वर्षांचा आकडा बरोबर वाटतो, आणि महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्याला तो कंपन्यांचा धंदा वाटतो.

पट्ट्याबद्दल मी कडक आहे. माझ्याकडे लोक हेल्मेटचा पट्टा शिवून मागतात. कड विसविशीत झालेली असते किंवा डी-रिंगजवळचे टाके सुटलेले असतात. मी नाही म्हणते. हेल्मेटच्या सुरक्षेसाठीच्या युरोपच्या ईसीई चाचणीत पट्ट्याला 10 किलोचं वजन 75 सेंटिमीटरवरून सोडून झटका देतात आणि तो 35 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला चालत नाही. ते टाके कारखान्यातल्या मशीनवर ठरावीक दोऱ्याने, ठरावीक दाटीने मारलेले असतात. माझ्या मशीनचा टाका दिसायला तसाच येईल, पण तो झटका घेईल याची हमी मी कुठून देऊ? बॅगेचा पट्टा तुटला तर बॅग पडते, एवढंच. माझ्या हेल्मेटचा पट्टा अजून घट्ट विणीचा आहे, फक्त हनुवटीखाली घामाने पांढरट पडलाय. रिंगांमधून जाणारं टोक थोडं केसाळ झालंय. पण ते नुसतं टोक आहे, भार त्याच्यावर येत नाही.

आणि आता ती तक्रार. सगळं ठीक असूनही हे हेल्मेट मला सोडावं लागतंय ते गालांच्या पॅडमुळे. मऊ फोम रोजच्या दाबाने बसत जातो. नवं असताना बोलताना गाल चावला जायचा, आता आत च्युइंगगम आरामात चघळता येतं. तपासायचं असेल तर पट्टा आवळा, मान थोडी खाली घाला आणि मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ढकला. ते भुवयांवर येऊन निघायला बघत असेल तर ते तुमच्या डोक्याचं राहिलेलं नाही. डावी-उजवीकडे फिरवून बघा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर फिरली पाहिजे. माझं कपाळ अजून घट्ट आहे, गाल ढिले. म्हणजे इलाज सोपा: जरा जाड पॅडची जोडी आणायची, आणखी दोनेक वर्षं निघाली असती. पण या मॉडेलचे पॅड बनवणं कंपनीने बंद केलंय. काच मिळते, पॅड नाहीत. मला स्वतः फोम कापून शिवता येईल, हात तेवढा चालतो. पण तो फोम किती कडक, धक्क्यात कसा दबतो, हे मला माहीत नाही, आणि हनुवटीच्या आतल्या बाजूला अंदाजपंचे काही भरायची माझी तयारी नाही.

म्हणून निकाल असा: अस्तर आणि शिवण पैकीच्या पैकी, पट्टा उत्तम, काच बरी, सुट्या भागांच्या बाबतीत नापास. विकत घेताना दुकानदाराला रंग नंतर विचारा, गालाचे पॅड वेगवेगळ्या जाडीत सुटे मिळतात का ते आधी विचारा. अस्तर उचलून किंवा पट्ट्यावर बनवल्याची तारीख शोधा, दोन वर्षं दुकानात पडलेला नग कशाला घ्यायचा. मागे ईसीईचा शिक्का असेल तर 22.06 ही नवी आवृत्ती बघा. त्यात जुन्या 22.05 पेक्षा वेगवेगळ्या वेगांचे धक्के आणि डोकं गिरकी खाईल असा तिरका मारही तपासतात. आणि घालून किमान वीस मिनिटं तिथेच बसा, कपाळावर कुठे एकाच जागी ठणकलं तर साइझ नाही, आकार चुकलाय.

नवं हेल्मेट आणलंय. जुन्याची काच आणि पिनलॉक काढून ठेवली, ती एका ओळखीच्या मुलाला होतील, त्याच्याकडे हेच मॉडेल आहे. कवचाचा पट्टा मी दोन्ही बाजूंनी मुळापासून कापला आणि मगच ते टाकून दिलं, म्हणजे कुणी उचलून डोक्यावर घालायला नको.