शिबिर की दौरा: उन्हाळ्यात व्यावसायिक स्पर्धा खेळू पाहणाऱ्या टेनिस प्रशिक्षकासाठी तुलना

महाराष्ट्रातल्या टेनिस प्रशिक्षकाची वर्षाची कमाई बऱ्याच अंशी एप्रिल-मेमध्ये ठरते. परीक्षा संपल्या की उन्हाळी शिबिरं भरतात, सकाळी सहापासून कोर्टावर पोरांची गर्दी असते, आणि पुढे पावसानं कोर्ट बंद पडलं तरी घर चालेल इतकी बेगमी याच काही आठवड्यांत करून ठेवायची असते. आणि नेमक्या याच दिवसांत, कधीकाळी राष्ट्रीय क्रमवारीत असलेला, अजून तिशीच्या आसपास असलेला प्रशिक्षक रात्री फोनवर आयटीएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं, कॅलेंडर उघडून बसतो. ट्युनिशियात मोनास्टिरला एम १५, तुर्कस्तानात अंताल्याला एम १५, दोन्ही पुरुषांच्या छोट्या व्यावसायिक स्पर्धा. अंगात अजून खेळ आहे, मग या उन्हाळ्यात जाऊन यावं का?

माझं मत आधीच सांगतो. जाऊन या, पण आपल्या उन्हाळ्यात नको. युरोप आणि भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये असतो, म्हणजे आपला ऐन पावसाळा. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात, शिबिरं संपतात, मातीची कोर्ट चिखलानं बंद होतात आणि सिंथेटिक कोर्टही दिवसाआड ओलं असतं. त्या दिवसांत प्रशिक्षक तीन आठवडे बाहेर गेला तर नुकसान सर्वांत कमी. शिबिर सोडून मे महिन्यात गेलेल्याला विमानाच्या तिकिटाबरोबर बुडालेल्या शिबिराचाही खर्च धरावा लागतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या अकादमीत गेलेली मुलं परत येतीलच असं नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो जुलै-ऑगस्टमध्ये कुठे जायचं याचा. पर्याय तीन: ट्युनिशियातलं मोनास्टिर, युरोपातली मातीची कोर्ट, किंवा देशातच राहून एआयटीएच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धा.

पैशाचा हिशेब सरळ मांडतो, कारण गैरसमज इथेच जास्त असतात. पुरुषांची सर्वांत खालची व्यावसायिक पायरी म्हणजे एम १५. एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असली तरी ती एकेरी-दुहेरी मिळून आणि सगळ्या फेऱ्यांत वाटली जाते. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, उपविजेत्याला १,२७२, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२, उपांत्यपूर्व फेरीत ४३८, दुसऱ्या फेरीत २५८ आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर पहिल्या फेरीचे तेरा-चौदा हजार होतात, तेही तिथला कर कापण्याआधी. दुहेरीत विजेत्या जोडीला मिळून ९३० डॉलर, म्हणजे एकाच्या वाट्याला ४६५. आणि हे सगळं मुख्य फेरीचं झालं. प्रशिक्षकाला बहुतेक वेळा पात्रता फेरीतूनच सुरुवात करावी लागते, आणि तिथे हरलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणजे विजेतेपद मिळालं तरच तो आठवडा खर्च भागवून थोडे पैसे हातात ठेवतो. कमाईसाठी जायचं असेल तर बेत इथेच सोडून द्या.

गुणांचं गणित मात्र वेगळं आहे. एम १५ जिंकणाऱ्याला १५ एटीपी गुण (पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचे) मिळतात, मुख्य फेरीत पहिला सामना जिंकणाऱ्याला एक. तो एक गुण मिळाला की एटीपीच्या क्रमवारीत नाव येतं आणि ५२ आठवडे राहतं. प्रशिक्षकाच्या दृष्टीनं या एका गुणाची किंमत १५६ डॉलरपेक्षा फार मोठी आहे. अकादमीच्या फलकावर खेळाडू म्हणून चालू क्रमांक असणं आणि नावाआधी ‘माजी’ लागणं, यातला फरक पालकांना बरोबर कळतो. महिलांसाठी पायरी जरा उंच आहे. डब्ल्यू १५ मध्ये, म्हणजे महिलांच्या तशाच स्पर्धेत, एखादा गुण मिळाला म्हणून डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिलांच्या जागतिक क्रमवारीत नाव येत नाही. त्यासाठी तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण किमान १० गुण हवेत. म्हणून महिला प्रशिक्षकानं एका आठवड्याचा बेत आखूच नये. किमान तीन स्पर्धा सलग खेळता येतील अशीच जागा निवडावी.

ही सोय मोनास्टिरला सगळ्यांत चांगली आहे. तिथल्या स्कानेस भागातल्या रिसॉर्टमध्ये हार्डकोर्टवर जवळजवळ वर्षभर, आठवड्यामागून आठवडा पुरुषांच्या आणि महिलांच्या १५ हजारी स्पर्धा होतात. पात्रता फेरीत हरलात तर बॅग उचलून दुसऱ्या शहरी जावं लागत नाही. तिथेच सराव करायचा आणि पुढच्या पात्रता फेरीला उभं राहायचं. मुंबईहून थेट विमान नाही, आखाती देशांतून किंवा इस्तंबूलमार्गे ट्युनिसला उतरून पुढे साधारण १६० किलोमीटर जावं लागतं. पण हा प्रवास एकदाच होतो. तोटाही आहे. समुद्र जवळ असल्यानं वारा असतो, जुलैचं ऊन कडक असतं, आणि जगभरातून गुण शोधत आलेली अठरा-वीस वर्षांची मुलं तिथे महिनोन् महिने मुक्कामाला असतात. कोर्ट, वारा, चेंडू सगळं त्यांच्या सवयीचं झालेलं असतं.

युरोपातली मातीची कोर्ट हा दिसायला देखणा पर्याय, पण मी तो बहुतेकांना सुचवणार नाही. शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाआधी फार तर सहा महिने आणि उशिरात उशिरा १५ दिवस करायचा, आणि भर हंगामात अपॉइंटमेंट मिळवण्यातच जीव मेटाकुटीला येतो. दर आठवड्याला गाव बदलतं, राहण्याचा खर्च ट्युनिशियापेक्षा खूप जास्त. शिवाय आपल्याकडे हल्ली वाढलेला बहुतेक प्रशिक्षक हार्डकोर्टवरचा. लाल मातीवर घसरत चेंडूपर्यंत पोचणं पंधरा दिवसांत अंगवळणी पडत नाही. अपवाद एकच: जर्मनीतल्या क्लबांच्या लीग. तिथे मे ते ऑगस्टमध्ये वेगवेगळ्या स्तरांवर सांघिक सामने होतात आणि क्लब परदेशी खेळाडूंना मानधन देऊन बोलावतात. एटीपी गुण मिळत नाहीत, पण खेळायला मिळणार याची खात्री असते आणि मधल्या दिवसांत क्लबच्या मुलांना शिकवण्याचं कामही मिळू शकतं. मात्र संघाच्या याद्या हिवाळा संपता संपताच ठरतात, त्यामुळे मे महिन्यात सुचलेल्याला त्या वर्षी दार बंदच. मानधन घेऊन खेळण्यासाठी कोणता व्हिसा लागतो हे क्लबकडून लेखी मागून घ्या. पर्यटक म्हणून जाऊन खेळू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

आता देशातला पर्याय. एआयटीएच्या बक्षीस रकमेच्या स्पर्धांना रेल्वेनं जाता येतं, शनिवार-रविवार जोडून अकादमीही सांभाळता येते. पण पावसाळ्यात महाराष्ट्रात खुल्या कोर्टावरच्या स्पर्धांचा भरवसा नसतो, त्यामुळे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावं लागतं. या पर्यायाला कमी लेखण्याची चूक अनेकजण करतात. आयटीएफच्या पात्रता फेरीत जागा देताना एटीपी आणि आयटीएफ क्रमवारी असलेल्यांचा नंबर आधी लागतो. त्यानंतर राष्ट्रीय क्रमवारी आणि वर्ल्ड टेनिस नंबर (खेळाडूची पातळी दाखवणारा आयटीएफचा आकडा) कामाला येतात. तुमचा एआयटीए क्रमांक पाच वर्षांपूर्वीच संपला असेल, तर मोनास्टिरच्या यादीत नाव खाली खाली जातं आणि तिकीट काढून दारात उभं राहण्याची वेळ येते. आधी देशातल्या तीन-चार स्पर्धा, मग परदेश, हा क्रम त्यामुळे टाळता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दिल्ली लॉन टेनिस असोसिएशनच्या कोर्टांवर होणारी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही याच वाटेवर येते, आणि तिथला एक चांगला निकाल पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला उपयोगी पडतो.

या चर्चेत मार्कस विलिसचं नाव हमखास निघतं, आणि निघायलाच हवं. २०१६ मध्ये हा इंग्लिश खेळाडू वॉरिक बोट क्लबवर शिकवत होता, जागतिक क्रमांक ७७२. विम्बल्डनच्या पूर्वपात्रता फेरीतून सुरुवात करून तो पात्रता फेरी जिंकला, मुख्य फेरीत रिचार्डस बेरांकिसला हरवलं आणि दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टवर फेडररसमोर उभा राहिला. ०-६, ३-६, ४-६ असा हरला, पण त्याआधीचे सात सामने त्यानं जिंकले होते. ही गोष्ट ऐकून आपले प्रशिक्षक परदेशाची तिकिटं शोधू लागतात. मला त्यात वेगळंच दिसतं. विलिसला दार उघडलं ते त्याच्या स्वतःच्या देशातल्या स्पर्धेनं, तिथल्या संघटनेच्या पूर्वपात्रता फेरीनं. आपल्याकडे तसं दार हिवाळ्यात उघडतं. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, नवी मुंबईत, सोलापुरात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा भरतात, बालेवाडीला चॅलेंजर, म्हणजे पुरुषांची एम १५ पेक्षा वरच्या दर्जाची स्पर्धा, होते. यजमान संघटनेच्या हातात वाइल्ड कार्ड (क्रमवारी न पाहता दिलेला थेट प्रवेश) असतात, आणि चालू वर्षात खेळत असलेल्या स्थानिक प्रशिक्षकानं ते मागणं आणि पाच वर्षं स्पर्धेत न उतरलेल्यानं मागणं यात मोठा फरक पडतो. पावसाळ्यातला दौरा त्या मागणीचा पाया होऊ शकतो.

जायचं ठरलं तर शरीराबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहा. दिवसाचे सहा तास कोर्टावर असतो, म्हणजे आपण फिट आहोत, असं प्रत्येक प्रशिक्षकाला वाटतं. पण त्या सहा तासांत आपण करतो काय ते बघा. बास्केटशेजारी उभं राहून कमरेच्या उंचीवरून चेंडू टाकतो. पाय जमिनीला चिकटलेले, खांदा अर्धाच फिरतो, फटक्यानंतर मध्यावर परत येण्याचं पाऊल नसतंच, कारण पुढचा चेंडूही आपल्याच हातात असतो. हाच प्रशिक्षक सामन्यात पहिले चार गेम देखणे खेळतो. हात उत्तम असतो, कोन दिसतात. पाचव्या गेमपासून बॅकहँडकडे ओढला गेला की परतीचं पाऊल उशिरा पडायला लागतं, आणि समोरच्या पोराला ते दोन रॅलींत कळतं. रिटर्नचं आणखी वाईट: वर्षभर आपण सर्व्हिस शिकवतो, पण ताशी १९० किलोमीटरची सर्व्हिस घेत नाही. म्हणून शिबिर चालू असतानाच मे महिन्यात रोजचा एक तास स्वतःसाठी काढावा लागतो. क्लबच्या मार्करला (सभासदांबरोबर सरावाला नेमलेल्या खेळाडूला) किंवा अकादमीतल्या सर्वांत जोरकस मुलाला सर्व्हिस लाइनच्या आत उभं करून सर्व्हिस मारायला लावायची आणि आपण फक्त रिटर्न खेळायचे. पात्रता फेरीत तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक असतो, ही तिशीतल्या पायांसाठी दिलासा देणारी गोष्ट. मुख्य फेरीत मात्र पूर्ण तीन सेट.

खांदा दुखतो म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणारे प्रशिक्षक मी पाहतो. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ही इंजेक्शनं उत्तेजकविरोधी नियमांखाली येतात आणि काहींचा अंश शरीरात बरेच आठवडे राहतो. मधुमेहाचं इन्सुलिनही परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. डॉक्टरांना आधी सांगा की मी व्यावसायिक स्पर्धा खेळणार आहे. तसंच आयपिन, म्हणजे आयटीएफ स्पर्धांसाठीची खेळाडू-नोंदणी, काढताना प्रामाणिकपणाविषयीचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो. त्यानंतर तुम्ही टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत बांधलेले असता: टेनिसवर कुठलीही पैज नाही, अगदी मित्रांच्या ॲपवरचीही नाही.

तिन्ही पर्यायांत एक जोड मला सर्वांत मोलाची वाटते: शिष्याला बरोबर नेणं. जानेवारी २०२५ पासून नियमांनी सामन्यात बाहेरून मार्गदर्शन करायला परवानगी दिली आहे. म्हणजे सकाळी तुमचा सामना असेल तर मुलगा बाजूला बसून तुम्हाला सांगू शकतो आणि दुपारी तुम्ही त्याला. दुहेरीत दोघांनी एकत्र उतरावं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला नेटवर केव्हा सरकायचं हे शंभर ड्रिलमध्ये समजत नाही, ते शेजारी प्रशिक्षक उभा असताना, ३०-४० वर, एका सामन्यात समजतं. पालकांनी मुलाचा खर्च उचलला तर खोलीचं भाडंही वाटून निघतं. मात्र त्याचा सामना आणि तुमचा सामना एकाच वेळी लागला तर कोणता महत्त्वाचा, हे निघण्याआधी पालकांशी स्पष्ट बोलून ठेवा.

एवढं सगळं पाहता, राष्ट्रीय क्रमांक चालू असेल आणि वय तिशीच्या आत असेल तर जुलैत मोनास्टिरला सलग तीन आठवडे जा. क्रमांक संपलेला असेल तर हे वर्ष एआयटीएला द्या आणि मोनास्टिर पुढच्या पावसाळ्यात ठेवा. पस्तिशी ओलांडली असेल तर एकेरीची पात्रता फेरी खेळायला हरकत नाही, पण भर दुहेरीवर असू द्या.

निघण्याआधीच किमान तीन रॅकेटांचं गटिंग करून घ्या, म्हणजे नव्या तारा बसवून घ्या, आणि तारेची दोन-तीन पाकिटं जास्तीची. स्पर्धेच्या ठिकाणी स्ट्रिंगरचे दर डॉलर किंवा युरोत असतात. व्हिसाचे नियम तिकिटाआधी तपासा. आणि नोंदणीची वेळ पाठ करून ठेवा. सोमवारच्या मुख्य फेरीच्या स्पर्धेसाठी नावनोंदणी १८ दिवस आधीच्या गुरुवारी बंद होते, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. नेमकी तेव्हा तुमची संध्याकाळची बॅच चालू असते, तेव्हा नाव दुपारीच टाका. बेत रद्द झाला तर नाव काढण्याची मुदत त्यानंतरच्या मंगळवारपर्यंत असते.