फियाटचा ब्लोअर, जळलेली वायर आणि माझे १९,५०० रुपये

वडिलांची १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. घरात आम्ही तिला फियाटच म्हणतो. डॅशखालचा एसी वडिलांनी नंतर बसवून घेतलेला. गेल्या उन्हाळ्यात त्याचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, करकरायला लागला, म्हणून गाडी नाना पेठेजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. पुढच्या दोन महिन्यांत १९,५०० रुपये गेले आणि गाडी पेटता पेटता वाचली. जुनी गाडी जिवापाड जपणारे पुण्यात बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून सगळं लिहितोय.

"साहेब, ही मोटर आता मिळत नाही. हेवी ड्यूटी टाकून देतो, दुप्पट हवा येईल," मेकॅनिक म्हणाला. कुर्ल्याला पद्मिनी बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली, तेव्हा मला ते पटलं. ४,२०० रुपये दिले. बिल घेतलं नाही, जुनी मोटरही मागितली नाही. या दोन्ही चुका माझ्या.

हवा आधीपेक्षा कमी यायला लागली. तिसऱ्या दिवशी फ्यूज उडाला, नवा टाकला तर तोही गेला. परत गेलो तर त्याने इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, ठेवून हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू केलं आणि बॅटरीवर मीटर लावून दाखवला: ११.९ व्होल्ट. "अल्टरनेटर गेलाय." अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. आकडा डोळ्यांसमोर होता, मी मान डोलावली. पण आयडलला इतका लोड टाकला की जुन्या गाडीचा चांगला अल्टरनेटरही कमीच दाखवतो. रेस वाढवून बघायचं असतं. तेव्हा १३.८ ते १४.४ च्या आसपास व्होल्टेज आलं तर चार्जिंग ठीक आहे. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर! अल्टरनेटरचे ५,५०० दिले, पंधरवड्याने बॅटरीचे ४,८००. त्यानंतर फ्यूज उडायचा थांबला.

तो का थांबला, ते धायरी फाट्याजवळ कळलं. सिग्नलला उभा असताना डॅशखालून धूर आला. शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी ओरडून सांगितलं, मी बॉनेट उघडून बॅटरीची तार खेचली. ब्लोअरच्या वायरचं इन्शुलेशन वितळून शेजारच्या वायरींना चिकटलं होतं. आणि ८ अँपिअरच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. माझी मुलगी त्या दिवशी मागच्या सीटवर होती.

गॅरेजवाल्याचं उत्तर: "वायरिंग जुनं झालंय. फुल वायरिंग करू, १८,०००." मी घाबरलेला होतो. ५,००० ॲडव्हान्स देऊन आलो.

मग एका मित्राने भवानी पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. ब्लोअर चालू ठेवून मीटरच्या दोन्ही पिना थेट मोटरच्या टर्मिनलवर लावल्या. बॅटरीवर १२.६, मोटरवर ९.७. मग एक पिन मोटरच्या निगेटिव्हला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, आलं १.४. अर्थची, म्हणजे मोटरची निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडणारी, वायर रंगावरच स्क्रूने आवळलेली होती. उरलेला दीड व्होल्ट बारीक वायर आणि स्विच खात होते. वायरीला पकडून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर मोटर १६ अँपिअर ओढत होती. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, मामांनी समजावलं. स्लो स्पीडचा रेझिस्टरही त्यातच जळला होता.

हवा कमी का, तर मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. या ब्लोअरचं जाळीदार चाक उलटं फिरलं तरी हवा पुढेच फेकते, फक्त कमी, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. मोटर खोलली तर बाहेरून ताजा काळा रंग आणि आत कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेले, बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा. भंगारातली मोटर मला नवी म्हणून विकली होती.

मामांनी बुश आणि कार्बन बदलले, मोटर १० अँपिअरवर आली. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज, मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आता जुन्या स्विचवर फक्त रिले ओढण्याइतका करंट येतो. अर्थसाठी रंग खरवडून पत्र्याला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आवळला. सगळे मिळून २,१०० रुपये. फुल वायरिंगची गरजच नव्हती.

ॲडव्हान्स परत मागायला गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, तुमच्यासाठी वायर आणून ठेवलीय. दाखव म्हटलं, तर दाखवेना. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे फोनवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी तेवढ्या आहेत. त्या जोडून तक्रार केली आहे.

वडिलांनी बसवलेली मोटर कुठंय विचारलं, तर भंगारात गेली म्हणाला. मामांच्या मते तिला बहुतेक फक्त नवा बुश हवा होता.