तिकिटाची फाईल करून देणारं दुकान: बाइंडिंग पक्कं, साचा जुना

राजवाड्यामागच्या गल्लीतलं हे दुकान एरवी लग्नपत्रिका नि पावतीपुस्तकं छापतं. निवडणूक जवळ आली की सगळ्या इंदूरचे इच्छुक इथे तिकिटाची फाईल, म्हणजे पक्षाकडे उमेदवारी मागताना द्यायची आपली माहिती, करायला येतात. 2023 च्या विधानसभेआधी आम्हीही वहिनींची करून घेतली.

काम झकास. बूथवार मतांचे रंगीत तक्ते, उद्घाटनांचे फोटो नीट कापून बसवलेले, प्रूफ दुसऱ्याच दिवशी हातात. हिंदीतले ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपणच तपासायचे. दर जरा चढाच.

खटकलं ते पहिलं पान. वहिनींच्या फोटोशेजारी तेवढीच चौकट दादाची, खाली ‘पति का व्यवसाय’. पुरुषांच्या फाईलीत त्या जागी नेत्यासोबतचा फोटो असतो, बायकोचा नाही. ती चौकट काढा म्हटलं, तर मालक म्हणाले, "मैडम, भोपाल में पहले यही पूछते हैं, भिया क्या करते हैं।" खोटं बोलत नव्हते बिचारे.

नगर निगमात निम्म्या जागा बायकांना राखीव, म्हणून वहिनी पार्षद, म्हणजे नगरसेविका, झाल्या. वॉर्ड महिलांसाठी सुटला की घरचेच उभं राहायला सांगतात. मध्य प्रदेशच्या विधानसभेत 230 जागा, 2023 ला निवडून आल्या 27 जणी. 2013 मध्ये 30 होत्या. लोक बाईला मत देत नाहीत म्हणावं, तर सुमित्राताई महाजन 1985 ला विधानसभा हरल्या खऱ्या, पण 1989 पासून ओळीने आठ वेळा याच इंदूरने त्यांना लोकसभेत पाठवलं. घोडं अडतं ते तिकिटापाशी. तिथे ‘जिताऊ’, म्हणजे हमखास निवडून येणारा, ठरतो तो पैसा, हाताशी राबणारी पोरं आणि घराणं बघून. उमेदवाराच्या प्रचारखर्चाची मर्यादाच 40 लाख. एवढी रक्कम उभी करायची तर घरात सही कोणाची लागते, ते सांगायला नको. मालिनीताई गौड पुढे इंदूरच्या महापौर झाल्या, आमदार म्हणूनही टिकल्या त्या स्वतःच्या बळावर, पण 2008 चं पहिलं तिकीट आमदार पतीच्या निधनानंतरचं. विधानसभा-लोकसभेत बायकांना तेहतीस टक्के जागा राखणारा कायदा 2023 मध्ये झाला, त्यालाही जनगणना नि मतदारसंघ फेररचनेची अट.

शेवटी दादाची चौकट काढून तिथे वॉर्डातल्या नळजोडण्यांचा तक्ता टाकला. तिकीट मिळालं नाही, त्याचा दोष दुकानाला देत नाही. जाणार असाल तर पहिलं पान घरूनच लिहून न्या आणि लग्नसराई टाळा, पत्रिकावाल्यांपुढे तुमचा नंबर लागत नाही.