मोतीसाठी घरी येणाऱ्या श्वान-प्रशिक्षक ताई

बेल वाजली की दारावर झेपावणारा कुत्रा घरात असेल, तर कोथरूड भागात घरी येऊन शिकवणाऱ्या या ताईंना जरूर बोलवा. आमचा मोती देशी, चार वर्षांचा. घरच्यांशी अगदी मायाळू, पण कुरिअरवाला आला की पाठीवरचे केस उभे.

ताईंनी आधी कारण उलगडून सांगितलं. कुरिअरवाला पार्सल देऊन जाणारच असतो. कुत्र्याला मात्र वाटतं, मी भुंकलो म्हणून पळाला. रोज असं जिंकल्यावर तो भुंकणं का सोडेल? मग बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी हळू लावायचा, मोती शांत असतानाच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, आवाज थोडा थोडा वाढवायचा. बेल वाजली की पॅसेजमधल्या सतरंजीवर जायचं, हे त्याला असंच कळलं. तिथे लहान मुलांसाठीचं जाळीचं फाटकही बसवलं. पाहुण्यांनी डोळ्यांत रोखून बघायचं नाही, वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही.

सगळ्यात पटलं ते हे: गुरगुरला म्हणून मोतीला रागावू दिलं नाही. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली तर कुत्रा न सांगता चावू शकतो. पट्ट्याला झटके देऊन शिकवणाऱ्यांकडे हे ऐकायला मिळत नाही.

लेखी टिपण मात्र त्या देत नाहीत, आणि रविवारची वेळ मिळणं अवघड.

यंदा गौरींना घर भरलेलं असताना मोती फाटकामागे दही भरलेलं रबरी खेळणं चाटत पडून होता. हेल्मेट घातलेल्यांवर अजून भुंकतो, त्यासाठी पुढची सत्रं घेतोय.